गुरुवारची बेनी

आयटीच्या त्या लाटेत नवऱ्याला कंपनीने योकोहामाला पाठवलं आणि मी दिवसभर रिकामी. एका गुरुवारी विद्यापीठातून जाताना खोबरेल तेलाचा वास आला. वासामागे गेले, तर ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक केंद्र निघालं. एकच खोली, दाराशी चपलांचे चार जोड. घानाची एक मुलगी मैत्रिणीचे केस विंचरत होती. तिने मलाही बसवलं, डोक्याला तेल लावलं. डोळे मिटले आणि मी कुठे आहे तेच विसरले. "वेणी घाल," मी मराठीतच पुटपुटले.

शब्द तिला आवडला. पुढच्या गुरुवारी दारावर 'गुरुवारची बेनी' अशी पाटी लागली. लिहिणारी जपानी, त्यामुळे 'वे'चा 'बे' आणि 'णी'चा 'नी' झालेला. मी वैतागून दोनदा सुधारून सांगितलं. कोण ऐकतंय! हळूहळू शेजारच्या आज्या, शाळकरी मुली, पुण्याच्या दोघी येऊ लागल्या. चपला जिन्यापर्यंत गेल्या.

माझी लेक त्याच खोलीत रांगायला शिकली. पाच वर्षांची झाल्यावर तिला पुण्याला नेलं, तर माझ्या आईकडे पाठ करून बसली. "आजी, बेनी!"

"वेणी म्हणावं गं," आई हसली.

"नाही," मीच ताडकन म्हणाले, "बेनी."