बैल उठताना

तेलगावच्या फाट्यावर बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा एक नालबंद बसतो. ऊसतोडीच्या आधी मी दरवर्षी माझी जोडी त्याच्याकडे नेतो. तोंडात कायम खिळे, म्हणून बोलणं मोजकं. वरातीचा घोडा त्याच्यापुढं आपणहून पाय उचलतो. बैलाला मात्र दोरानं पाडून, पाय बांधून आठ पत्र्या ठोकाव्या लागतात.

"घोडाच हुशार म्हणायचा," मी एकदा म्हणालो.

त्यानं खिळे हातावर काढले. "मग ऊस घोड्यावर न्या की."

काम झालं की दोर सोडून तो पाठ फिरवतो. "तुमीबी तिकडं बघा. पाडलेल्याला उठताना बघू न्हाई."

परवा त्यानं सांगायच्या आधीच मी वळलो. मागं बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली, तरी आम्ही दोघं जरा वेळ रस्त्याकडंच बघत राहिलो.