जाळी नसलेला गोल

बाई होत्या म्हणून मी रोह्याचा सामना खेळले. एके काळी राज्याकडून फुटबॉल खेळलेल्या या बाईंना शिकवायला पेणमध्ये जागा मिळाली, ती गणपतीच्या कारखान्यामागची! दोन बांबूंचा गोल, त्याला जाळीसुद्धा नाही. सुकायला ठेवलेल्या मूर्तींमधून त्या आम्हाला बॉल काढायला लावायच्या. ओरडतानाही शिट्टी दातांतच.

सातवीत शाळा सोडून मी त्याच कारखान्यात मूर्ती घासायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी सराव चालू असताना शेठ मागे आला नि सगळ्यांदेखत म्हणाला, "देवासमोर अर्ध्या चड्ड्या? उद्या रोह्याला गेलीस, तर कामावर येऊ नको गो."

बाईंनी दातांतली शिट्टी काढली.

"शेठ, मूर्तींचे डोळे अजून रंगवायचे हायत. देवाला काय दिसत नाय. पोरींचे पाय बघताय ते तुम्ही."

कारागीर फिदीफिदी हसले. शेठ आत गेला.

मी खेळले, कामही टिकलं. पण पुढच्याच महिन्यात शेठनं त्या जागेवर शेड ठोकली. आठवलं की अजून डोकं तापतं.

आता मी सुरतेत शिलाई मारते. हे काम कधी जाईल, याची रोज धास्ती. पण मी खाडीकाठची, जाळं विणता येतं. बाई, तुम्ही कुठंही बांबू रोवा, गोलाची जाळी मी विणून आणीन.