आतली सूज
तिळाच्या तेलाचा वास आला की शाहूपुरीतल्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. धाकटा भाऊ तालमीतच छाती धरून बसला होता आणि अंगभर तेल असल्यानं ईसीजीच्या वायरी काही केल्या चिकटेनात. नर्सनं स्पिरिटनं छाती पुसून कसाबसा ईसीजी काढला. तो बघून डॉक्टर म्हणाले, “अटॅकमध्ये सहसा एका भागातल्या रेषा उचलतात, इथं जवळजवळ सगळ्याच उचलल्यात. हृदयाला सूज वाटते, पण रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय खात्री देत नाही.” आयुष्यभर पैलवानांच्या सुजा चोळून उतरवणारे वडील पुढं झाले. “सूजच हाय न्हवं? मग मी उतरवतो की!” नर्स हळूच म्हणाली, “काका, आतली सूज हाय ती.” भाऊ वाचला, पण मला अजून वडिलांचे ते हात दिसतात, त्याच्या छातीवरून मागं घेतलेले आणि ठेवायला कुठं जागाच न सापडलेले.