नावावर पहारा बसवावा का?

नोकरीतली बरीच प्रकरणं निवृत्तीबरोबर मागे पडली, पण शिवणक्लासवाल्या ताईंचं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. कारण ताई तक्रार द्यायला आल्याच नव्हत्या. एका कंपनीची फी भरावी की नाही, एवढंच त्यांना पोलिसांकडून ऐकायचं होतं.

दोन हजारनंतरची ती वर्षं. ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले होते आणि दुकानात हप्त्यावर काहीही मिळू लागलं होतं. मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ताई वारूळवाडीच्या, माहेर आंबेगाव तालुक्यात निरगुडसरला. क्लाससाठी मोटारवर चालणाऱ्या शिलाई मशिनी घ्यायच्या म्हणून त्या बँकेत कर्ज मागायला गेल्या. बँकेने त्यांची सासरची, माहेरची दोन्ही नावं घेऊन कर्जाचा अहवाल काढला, तर माहेरच्या नावावर आधीच टीव्ही-फ्रिजचं कर्ज निघालं आणि त्याचा एकही हप्ता भरलेला नव्हता. मशिनींचा अर्ज तिथेच अडकला. त्यातच बँकेच्या दारात एक एजंट भेटला. म्हणे, दरमहा फी भरा, आमची कंपनी तुमच्या नावावर कायम लक्ष ठेवेल, कुणी कर्ज काढलं की लगेच मोबाईलवर मेसेज येईल.

"भरू का सायेब फी?" ताईंनी विचारलं.

मी म्हणालो, "ताई, आम्हीसुद्धा गावातल्या बदमाशांवर निगराणी ठेवतो. फुकट ठेवतो. तरी चोऱ्या होतात. आधी झालेल्या चोरीची तक्रार द्या."

"तक्रार नगं," त्या पटकन म्हणाल्या. "झालं ते झालं. हप्तं मी भरीन. पुढं नको व्हायला, येवढंच."

चोरी झालेला माणूस चोराला शिव्या देतो, ठाणे अंमलदारालाही दोन ऐकवतो. जो गप्प राहून भरपाई करायला निघतो, त्याला चोर ठाऊक असतो, किंवा ठाऊक आहे असं वाटत असतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, पण ते कधी खोटं ठरलं नाही.

महिला पोलीस शिपायाला मी चहा सांगितला आणि तिथेच बसायला लावलं. अर्धा कप झाल्यावर ताई बोलल्या. बँकेने त्या जुन्या कर्जाच्या अर्जाची प्रत मागवली होती, तिच्यावर चिकटवलेला फोटो त्यांनी पाहिला होता. फोटो त्यांचाच होता, आणि तो त्यांनी फक्त एकदा दिला होता. वडील गेल्यावर माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करताना, शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्ससोबत. आपल्याकडे बहीण भावासाठी हक्क सोडते, तेव्हा कागद वाचत नाही. सांगतील तिथे सह्या करते आणि साडी घेऊन घरी येते.

"म्हायेरी दिला व्हता फोटू," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "सायेब, मला कळायलाच नको हे. मला येकच म्हायेर हाय."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पुढच्या चोरीचा मेसेज यावा म्हणून ही बाई जन्मभर फी भरणार होती, आणि झालेली चोरी मात्र पोटात ठेवणार होती. मी स्पष्ट सांगितलं, "तक्रार दिली नाही, तर कर्ज तुमचंच ठरेल. मशिनी तर विसराच. शिवाय दर सणाला भावाकडे पाहून हेच मनात येईल, ते वेगळं." शेवटी त्यांनी जबाबावर सही केली. भावाचं नाव मात्र तोंडातून काढलं नाही.

आधी एजंटाला बोलावलं. गडी टाय लावून आला. मी विचारलं, "लक्ष नक्की कुठल्या नावावर ठेवणार?"

"पॅन कार्डावर असेल त्या, सर."

"कार्ड सासरच्या नावाचं आहे. चोरी माहेरच्या नावावर झाली. त्या नावाचं काय?"

त्याने टाय सैल केला आणि वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. तो पुन्हा काही ठाण्यात आला नाही.

मग दुकान. विक्रेता पन्नाशीचा, बोलघेवडा होता. म्हणाला, "बाई व्हती सायेब, डोक्यावरून पदर, तोंड उघडलंच न्हाई. संगं एक माणूस व्हता, तोच बोलत व्हता. मी इचारलं, बाईंचं लगीन झालंय का? तर म्हणला, भ्रतार मुंबईला असतात. मी म्हणलं, भ्रतार कोन? आडनाव हाय का ह्यांचं?" आणि तो स्वतःच हसत सुटला.

मी हसलो नाही. भ्रतार म्हणजे नवरा, हे खरं. पण आपल्या मुलखात नवऱ्याला भ्रतार म्हणणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. हा शब्द फक्त जमिनीच्या कागदांत जिवंत आहे. तिथे बाईच्या नावापुढे अजून 'भ्र.' लिहून मग नवऱ्याचं नाव घालतात. म्हणजे दुकानात बोलणारा माणूस असल्या कागदांत वावरणारा असावा.

तरीही भावाला बोलावणं भाग होतं. तो आला तो शेतातूनच, टोमॅटोच्या डागांनी माखलेले हात तसेच. ताई बाहेर बाकावर होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. आत बसवल्यावर मी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या बहिणीचे भ्रतार काय करतात?"

"कोन?" तो गोंधळला.

"भ्रतार."

"सायेब, आमच्या आक्काचा तसला कुनाशी काय संबंध न्हाई," तो तापलाच. मग थोडा थांबून म्हणाला, "दाजी म्हनताय व्हय तुमी? मग तसं इचारा की राव. दाजी कारखान्यात हायेत."

खरं सांगतो, तिथेच मला हायसं वाटलं. पुरावा म्हणून ते काहीच नव्हतं, आणि मी तसं मानलंही नाही. पण पुढची वाट दिसली. हक्कसोडपत्र कुणी लिहिलं, विचारलं. तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या एका दस्तलेखकाने. "आक्काचं चार फोटू घेतलं त्यानं. म्हणला, जादा लागत्यात."

दस्तलेखक साळसूद होता. चौकशीत म्हणाला, "साहेब, सदर बाई अथवा त्यांचे भ्रतार यांच्याशी माझा कोणताही व्यवहार नाही." मी विक्रेत्याला आत बोलावलं. त्याने पाहताक्षणी सांगितलं, "ह्येच की ते भ्रतारवाले." पुढे फार वेळ लागला नाही. पदराआडची बाई त्याची मेहुणी निघाली. फ्रिज त्याच्याच स्वयंपाकघरात सापडला, पंचनामा करताना आत वांग्याची भाजी होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी आपल्या झेरॉक्सची गत असते.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, ताईंचं नाव साफ झालं, मशिनी आल्या. तेव्हापासून लोक मला विचारतात, दरमहा पैसे भरून नावावर पहारा बसवावा का? ज्याचा धंदा मोठा, ज्याचे कागद दहा हातांतून जातात, त्याने खुशाल बसवावा. इतरांनी वर्षातून एकदा स्वतः अहवाल मागवून नीट वाचावा, आपली सगळी नावं घालून. आणि झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली, ते तिच्यावरच आडवं लिहावं. पहारा बहुतेक वेळा वरातीमागून येणारं घोडं असतं. दाराला कडी आधी लावावी.

दस्तलेखक सापडला त्या दिवशी ताई बाहेर बाकावरच होत्या. शेवटच्या जबाबावर सही करून भाऊ निघाला आणि दारात थांबला.

"सायेब, आक्काला माझा संशय आला व्हता का?"

मी म्हणालो, "त्यांनी तुमचं नाव एकदाही घेतलं नाही."

"म्हंजी आला व्हता," तो म्हणाला. "येनारच. हक्कसोड झाल्यापासनं मी तिच्या दारात गेलो न्हाई. सही घेतली आन् तोंड फिरवलं. चोर तरी येगळं काय करतो?"

त्याने टोपी सारखी केली.

"निगतो सायेब. तिला घरी सोडतो, आन् आज तिथंच जेवतो."