जिनातल्या झोळ्या

नंदुरबारच्या स्टेशनालगतच्या जिनात कापसातून सरकी काढतात, रूईच्या गासड्या बांधतात आणि त्या आगगाडीने, पुढे बोटीने विलायतेला जातात. यंत्रावर बायका बसतात. त्यांची तान्ही पोरं तिथेच, तुळईला बांधलेल्या झोळ्यांत, दिवसभर कापसाची धूळ खात झोपतात. याला व्यापार म्हणतात! मी याच्यावर पत्रक काढलं. पोरांना निराळी खोली द्या, एवढंच मागणं.

शेवटच्या यंत्रावरच्या बाईला ते वाचून दाखवलं. तिची मुलगी सगळा हिवाळा खोकत होती.

"भाऊ, तुन्हा कागद मन्हा पोरनी खोक थांबाडी का?" ती म्हणाली. बाकीच्या हसल्या.

जिनाच्या शेठने तर पत्रकात शेंगदाणे बांधून खाल्ले.

मुंबईच्या एका स्नेह्याने मात्र त्याचं इंग्रजी करून विलायतेला धाडलं. आमची रूई ज्या गिरणीत जाते, तिथल्या विणकर बायकांच्या हाती ते पडलं. त्यांनी मालकाला फाटकात अडवलं. "ज्या रूईच्या सुतावर आमचे हात चालतात, तिच्यापाशी कोणाची पोरं गुदमरतात?" आज विचारलं, उद्या विचारलं, विचारतच राहिल्या. अखेर त्या गिरणीच्या कंपनीचा साहेब नंदुरबारला उतरला.

दिवस नेमका आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा. शेठने आदल्या दिवशी झोळ्या सोडवल्या, जमीन झाडून घेतली, यंत्रं बंद ठेवली. वर साहेबाला बायका खुशीत दिसाव्यात म्हणून आवारातल्या निंबाला झोका बांधला आणि सगळ्यांना गाणी म्हणायला बोलावलं. फाटक उघडंच होतं, मीही आत शिरलो. शेठ इथलाच, खानदेशात वाढलेला. आखाजीच्या झोक्यावर बायका वाटेल त्याला शिव्या घालतात आणि त्याचा राग धरायचा नसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्याला वाटलं, गौराईची गाणी होतील.

शेवटच्या यंत्रावरची बाई मुलीला कडेवर घेऊन झोक्यावर चढली.

"शेठना नातूले चांदीना पायना,
मन्हा तान्हीले धूयना पायना!"

सगळ्यांनी उचलून धरलं. शेठ कसनुसा हसत होता. त्या दिवशी दुसरं काय करणार? साहेबाने मुनीमजींना अर्थ विचारला.

"आपलं स्वागत करताहेत," मुनीमजी म्हणाले.

"खोटं!" मी ओरडलो आणि शाळेत शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत ओळ न् ओळ सांगितली: शेठच्या नातवाला चांदीचा पाळणा, हिच्या तान्हीला धुळीचा.

साहेबाने यंत्रं सुरू करायला लावली. बाई मुलीला दुसरीजवळ देऊन आत गेली आणि आपल्या यंत्राशेजारच्या तुळईला रिकामी झोळी बांधली. साहेब तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या भुवया कापसाच्या धुळीने पांढऱ्या झाल्या, मग तो खोकायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

बाहेर येऊन तो शेठला म्हणाला, "पोरं बाहेर काढल्याशिवाय एक गासडी उचलणार नाही. मला घरी जाऊन त्या बायकांना तोंड द्यायचंय."

त्या बायकांना! ज्याच्यासमोर आमचा शेठ वाकून उभा होता, तो माणूस कुठल्याशा धुकट गावातल्या विणकरणींना भीत होता. मी कंपन्यांच्या नावाने पुष्कळ बोटं मोडली आहेत, पण असा जोर मी कधी लिहिला नव्हता. आमच्या बायकांचं तोंड त्या विणकरणींनी पाहिलं नव्हतं, भाषा ऐकली नव्हती.

पुढच्या हंगामाला आवाराच्या पार कडेला कौलारू खोली उभी राहिली, पोरं सांभाळायला एक म्हातारी आली. मुलीचा खोकला उतरला होता. तिला तिथे निजवून बाई कामावर निघाली, आणि मला पाहून थांबली.

"भाऊ, तठल्या बायास्ना पोरे कोठे निजतस?"

विलायतेतल्या विणकरणींची पोरं कुठे निजतात, मला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"मंग इचारी धाड ना," ती म्हणाली. "त्यास्नी आम्हनं इचारं."

आता त्यांना तेच विचारणारं पत्रक लिहितो आहे.