खुर्ची भरायला येणाऱ्या काकू

प्रभाकाकू शाळेच्या मीटिंगला स्वतःचं पेन घेऊन यायच्या आणि ते उघडायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, "सही करायची नाही म्हणता, मग पेन कशाला?"

"टेबलावर त्यांचं पेन ठेवलेलं असतं. ते हातात आलं की सही होते. आपलं धरून बसावं. सही घरी."

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात मराठी आईबापांना शाळेतून 'मुलाबद्दल बोलायचंय' असा निरोप आला की काकूंना फोन जायचा. ऐंशीच्या घरातल्या, रिटायर्ड डॉक्टर. म्हणायच्या, "तिकडे आठ जण असतात, इकडे तुम्ही दोघं. मी आपली खुर्ची भरायला येते."

मी त्यांना फोन केला तो घोळ घालून झाल्यावर. ऑफिसात दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा धंदा. पण माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या, इराच्या मीटिंगला मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेलो. शाळेने चाचणी घेतली होती. निष्कर्ष असा, की इराला शिकवलेलं समजत नाही, तिला वेगळ्या वर्गात बसवावं. हीच इरा घरी माझ्या गोष्टीतली चूक पकडायची, फक्त वेळ लावून. मी काय बोललो? "थँक यू सो मच." वर लाडू आवडले का, तेही विचारलं.

"नंदीबैल आहेस," काकू म्हणाल्या. "सही?"

"अजून नाही केली."

"मग आशा आहे."

शाळेची चाचणी पटली नाही तर तसं सांगून बाहेरच्या तज्ज्ञाची चाचणी मागता येते. शाळेने एकतर तिचा खर्च करायचा, नाहीतर आपलीच चाचणी योग्य होती हे सुनावणीत दाखवायचं. हे त्यांनी मला चहा गाळता गाळता समजावलं. "मेहेरबानी नाही रे, हक्क आहे. पण आधी तोंड उघडून म्हणावं लागतं, मान्य नाही."

तिथेच तालीम सुरू झाली. काकू शाळेच्या बाई झाल्या.

"मॅम, तुमचं बरोबरच असेल, पण..."

"परत."

"आय वॉज जस्ट वंडरिंग..."

"परत. आणि हसू नकोस, लग्नाला आलेला नाहीस."

सातव्या खेपेला 'आय डिसअ‍ॅग्री' एवढं दोन शब्दांचं वाक्य माझ्या तोंडून सरळ बाहेर पडलं. बायको आधी हसत होती, मग रडायला लागली.

"तुम्हाला हे कसं जमलं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"मला कुठे जमलं?" काकू म्हणाल्या. "आमचा शेखर सहा वर्षांचा होता. शाळा म्हणाली, मंदबुद्धी. मी सही केली, थँक यू म्हटलं. एकोणिसाव्या वर्षी कोणीतरी त्याचे कान तपासले. त्याला नीट ऐकूच येत नव्हतं गं. मी डॉक्टर! पेशंटला रोज सांगायचे, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. आपल्या पोराच्या वेळी मात्र वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना वाईट वाटेल."

मग त्यांनी कप उचलले आणि बराच वेळ विसळत राहिल्या.

मीटिंगला मी ते वाक्य म्हटलं. आवाज चिरकला. शेजारी काकू बंद पेन धरून बसल्या होत्या. बाहेरच्या तज्ज्ञ बाईंनी दोन सकाळी इराबरोबर घालवल्या. तिला सगळं समजत होतं, शब्द उशिरा सापडत होते. ती आपल्याच वर्गात राहिली. मी बातमी द्यायला गेलो तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या, साखर हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "सात वर्षांची आहे ना अजून? वेळेत झालं." हेच पुन्हा म्हणाल्या, "वेळेत झालं."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांनी जिथे जिथे खुर्ची भरली होती, ती सगळी घरं निरोपाला आली होती. हॉल भरला, पण पुढच्या रांगेत शेखर एकटाच बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे, दोन्ही कानांना मशीन. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. निदान एवढं तरी आपल्याला जमेल म्हणून मी जाऊन बसलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाजाचा अंदाज नसल्यामुळे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नो. दॅट्स आई'ज चेअर."

मी उठलो आणि पलीकडच्या खुर्चीत बसलो. मधल्या खुर्चीवर त्याने आपला हात पसरून ठेवला होता, शेवटपर्यंत.