डाग नसलेलं अक्षर

अमरावतीच्या या घरात वरूडहून संत्र्यांची पेटी आली, की मी आधी पुठ्ठा हुंगते आणि मग संत्रं. फळाचा वास चार दिवसांत विटतो. पुठ्ठ्यात मुरलेला सालीच्या तेलाचा किंचित कडवट वास मात्र महिनाभर रेंगाळतो. लेक म्हणते, आई, पेटी भंगारात दे. मी देत नाही. माझी सगळी मास्तरकी त्या पुठ्ठ्यावर उभी होती, आणि त्यानेच मला एकदा तोंडघशी पाडलं.

शेंदूरजनाघाटच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे असायचा. पेट्यांचे पुठ्ठे कापून मी अक्षरांची पानं केली होती. ती जमिनीवर पसरायची, मी अक्षर पुकारायचं आणि पोरांनी ते टोपलीत वेचून आणायचं. खेळाचं नाव 'तोडणी'. आंबिया बहराची संत्री तोडायच्या दिवसांत आईबापांबरोबर मजुरीला आलेली एक मुलगी त्या वर्षी वर्गात बसली. वय आठ, आजवरची ही तिसरी शाळा, आणि वाचनाच्या नावाने पूज्य. तिची आई संत्री निवडायला जायची. पहिल्याच दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, हिले बसची पाटी वाचता आली तरी लय झालं. दर टायमाले लोकाले इचारा लागते, अन् लोकं हासतात." इथला माल संपला की ती माणसं अकोटला कापसाच्या जिनिंगवर जाणार होती. माझ्या हातात जेमतेम दोन महिने होते.

पोरगी तोडणीत अशी रमली की विचारू नका. पंधरवड्यात सगळ्यांच्या आधी तिची टोपली भरू लागली. मी हरखले. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना बोलावून तिचा खेळ दाखवला, वर खेळातून वाचन कसं येतं यावर शहाणपणही पाजळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा कुठे आठवायला.

मग एका दुपारी पाण्याचा माठ लवंडला आणि पानांचा लगदा झाला. मी कोऱ्या पुठ्ठ्याची नवी पानं केली. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं धावली. ती टोपली घेऊन जागच्या जागी उभी. का थांबलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, याच्यावर डागच नाई."

जुन्या 'क'चा कोपरा फाटलेला होता, 'म'वर सालीचा पिवळा डाग होता, 'र'ला मधोमध घडी पडली होती. डाग बघून संत्री निवडणाऱ्या आईची नजर लेकीत उतरली होती. तिने पुठ्ठे ओळखले होते, अक्षरं नाही. आणि जायला आठ दिवस उरले होते. मी तिच्यावर ओरडले, त्याची लाज अजून वाटते. तिने काही फसवलं नव्हतं; खेळच माझा चुकला होता.

ते आठ दिवस मी वेड्यासारखी वागले. खडूचे चौकोन आखून उड्या मारायला लावल्या, बोट धरून मातीत गिरवून घेतलं, टाळ्यांच्या तालावर अक्षरं म्हणवली, मधल्या सुट्टीतही सोडलं नाही. ती सगळं निमूट करायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. शाळा सुटताना मला रोज रडू यायचं. तिच्यासाठी की माझ्या हरण्यासाठी, हे आजही नक्की सांगता येत नाही.

जायच्या सकाळी आई गाठोडं घेऊन फाटकाशी थांबली. पोरगी आत आली, नव्या पानांवर वाकून बराच वेळ शोधत राहिली आणि त्यातलं एक माझ्या हातात ठेवलं.

"बाई, हा अ. हा मले डाग नसला तरी समजते."

अकोटचा अ. मी तिला पोटाशी धरलं. आई केवढी खुलली होती. आता कोणाला विचारायचं काम नाही, असं जाताना दोनदा म्हणाली. मी हात हलवत राहिले. त्या आईला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. परतवाड्याला त्यांना बस बदलायची होती, आणि तिथल्या पाट्या मी मनातल्या मनात वाचत होते: अमरावती, अकोला, अंजनगाव, अकोट.

पुढे काय झालं, ठाऊक नाही. आजही बसस्थानकावर 'अ' दिसला, की मी आधी त्या पाटीखाली उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे बघते.